ज्याचे वजन, त्याची स्प्रिंग



न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रात गावोगाव पसरली. अशा व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर अंदाजपत्रकावर बोलावे, असा संकेत आहे. मी बोलणार आहे तो इलेक्ट्रिक सायकलच्या मागल्या शॉकअपवर. आणि त्यातही, हवेचा शॉकअप काढून वेटोळ्याच्या स्प्रिंगचा बसवावयाचा झाल्यास तो कसा निवडावा, यावर. कार्यक्रमपत्रिका वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. परंतु आपण मस्तगडात बसलो आहोत. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरचे हे आपले गाव बियाण्यांवर आणि लोखंडी सळयांवर जगते. पोलादाविषयी बोलावयाचा जालन्यात संकोच कसला?

हा विषय माझ्याकडे आणला तो आमच्या संघटनेतल्या तरुण पोरांनी. रविवारी भल्या पहाटे सायकली काढून ही मुले राजूरच्या रस्त्याला लागतात, आणि अंगात जोर असला तर पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत मजल मारतात. जाता जाता सांगतो, ज्या रविवारी ती जातात तो रविवारही कोणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीपुढे मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान तुकवली, तेव्हा कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली. असो. या मुलांपैकी काहींनी हप्त्यावर इलेक्ट्रिक माउंटन सायकली घेतल्या आहेत. ती मला विचारतात, "काका, स्प्रिंगचा शॉकअप बसवावा म्हणतो. कोणता घेऊ?" चांगल्या शॉकअपची किंमत त्यांच्या महिना-दोन महिन्यांच्या पगाराएवढी आहे. तेव्हा या साध्या प्रश्नात घाम गाळून मिळवलेला पैसा गुंतला आहे आणि एक तरुण पाठीचा कणाही गुंतला आहे. ज्या प्रश्नात पैसा आणि कणा दोन्ही आहेत, तो माझ्या मते व्याख्यानाचा विषय होऊ शकतो.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि वाचनालयात. त्या शिक्षणाचे सार एका वाक्यात सांगता येते : यंत्र माणसाच्या मापाचे असावे, माणसाला यंत्राच्या मापाचे करू नये. उंच कामगार आणि बुटका कामगार एकाच उंचीच्या टेबलाशी उभे केले, तर संध्याकाळी एकाची कंबर दुखते आणि दुसऱ्याचे खांदे. मालक म्हणतो, टेबल उत्तम आहे. टेबल उत्तम असेलही, पण ते कोणाच्या मापाचे आहे? शॉकअपच्या बाबतीत मला हेच विचारावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८६०च्या दशकात युरोपात जी सायकल निघाली, तिला लोखंडी धाव असे, आणि दगडी रस्त्यावर ती स्वाराची हाडे खिळखिळी करी; लोकांनी तिचे नावच तसे पाडले होते. पुढे १८८८ साली जॉन डनलॉप याने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. सायकलचा पहिला खरा शॉकअप तो. योगायोग असा की किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ त्याच १८८८ सालापासून मोजतो, आणि तो आरंभ होता लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातील सायकलच्या दुकानाचा. महाराष्ट्राच्या कारखानदारीचे एक मोठे घराणे सायकलच्या पोटी जन्मले, ही गोष्ट सायकलला हलकी समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

आता शॉकअप म्हणजे काय ते पाहू. यात दोन वेगवेगळी कामे करणाऱ्या वस्तू असतात, आणि पुष्कळ लोक त्या एकच समजतात. एक स्प्रिंग. तिचे काम वजन पेलणे आणि धक्का आला की दबणे. दुसरी, तेलाने भरलेली नळी. स्प्रिंगमध्ये साठलेला जोर हळूहळू जिरवणे हे तिचे काम. "जालना, सोन्याचा पाळणा" असे आपण अभिमानाने म्हणतो. तोच पाळणा डोळ्यांपुढे आणा. एकदा झोका दिला की तो कितीतरी वेळ हलत राहतो, कारण त्याला थांबवणारे काही नसते. नुसती स्प्रिंग अशीच आहे. खड्ड्यात दबली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते, आणि स्वार घोड्यावरून उडावा तसा उडतो. तेलाच्या नळीत एक दट्ट्या असतो. बारीक छिद्रांतून तेल ढकलताना तो जोर खातो आणि त्याची उष्णता करून बाहेर टाकतो. स्वस्त सायकलींना मागे एक रंगीत, दिसायला भक्कम अशी स्प्रिंग लावलेली असते, पण पुष्कळदा तीत तेलाची नळीच नसते. तिला शॉकअप म्हणणे म्हणजे नुसत्या पाळण्याला वाहन म्हणण्यासारखे आहे.

हवेच्या शॉकअपमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी कोंडलेली हवा असते. तिचे गुण मी आधी सांगतो, म्हणजे पक्षपात होणार नाही. हवेचा शॉकअप वजनाला हलका असतो, पोलादी स्प्रिंगच्या शॉकअपपेक्षा साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅमने. लहानशा पंपाने दाब कमीअधिक केला की तो कोणत्याही वजनाच्या माणसाला बसतो. शिवाय हवा जसजशी कोंडली जाते तसतशी ती अधिकाधिक कठीण होत जाते, त्यामुळे मोठ्या उडीत शॉकअप सहसा तळाला आपटत नाही. दोष असा की हवा कोंडून ठेवावयास घट्ट रबरी सील लागतात. त्यांच्या घर्षणामुळे बारीकसारीक खडी, मुरूम, बैलगाडीच्या चाकोरीतल्या कडा यांवर तो पटकन हलत नाही. लांब उतारावर हवा तापते आणि त्याचा स्वभाव बदलतो. सीलची निगाही वरचेवर करावी लागते. अनेक कंपन्या सुमारे पन्नास तासांच्या वापरानंतर हवेचा कप्पा उघडून साफ करावयास सांगतात.

पोलादी वेटोळ्याचे याच्या उलट आहे. ते लगेच हलते, चाक जमिनीला चिकटून राहते, आणि पहिल्या मैलाला जसे वागले तसेच विसाव्या मैलालाही वागते. वजन अधिक, हा त्याचा मोठा दोष. परंतु साधी माउंटन सायकल तेरा ते पंधरा किलोंची, तर बॅटरी आणि मोटार असलेली बावीस ते पंचवीस किलोंची असते. तिथे पाव-अर्धा किलो वाढल्याने स्वाराला फारसे जाणवत नाही, कारण चढावर मोटार मदतीला असते. उलट एवढे जड वाहन खडकाळ उतारावरून येताना चाकाची पकड सुटणे अधिक धोक्याचे. म्हणून इलेक्ट्रिक सायकलवाले वेटोळ्याकडे वळतात, यात फॅशन थोडी आणि शहाणपण पुष्कळ आहे.

परंतु पोलादी स्प्रिंगला पंप लावता येत नाही. ती जेवढ्या वजनासाठी केली, तेवढ्याच वजनासाठी. हे माझ्या व्याख्यानाचे मर्म आहे. रॉबर्ट हूक याने १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला : जेवढा भार, तेवढी दब, दुप्पट भार, दुप्पट दब. हा नियम गरीब-श्रीमंत पाहत नाही, आणि दुकानदाराचा शब्दही मानत नाही. म्हणून स्प्रिंग निवडावयाची ती हिशेबाने. हा हिशेब चौथीतल्या मुलाला येणाऱ्या गुणाकार-भागाकाराचा आहे. आपण तो येथेच करू.

समजा, स्वार कपडे, हेल्मेट आणि पाण्याच्या पिशवीसह ८० किलोंचा आहे. सायकलचे जे वजन स्प्रिंगवर पेलले जाते, म्हणजे चाके वगैरे सोडून, ते १७ किलो धरू. एकूण ९७. पेडलवर उभा राहून स्वार चालवतो तेव्हा यातला सुमारे साठ टक्के भार मागे येतो. म्हणजे ५८ किलो. आता सायकलचे मागले चाक १५० मिलिमीटर वर उचलले जाते तेव्हा शॉकअप ६० मिलिमीटर दबतो, असे धरू. १५० भागिले ६०, म्हणजे अडीच. ही तरफ आहे. पहारीने दगड उचलताना जो नियम, तोच येथे : चाकावर ५८ किलो, तर शॉकअपवर त्याच्या अडीचपट, १४५ किलो. नुसत्या वजनाने शॉकअप आपल्या चालीच्या तीस टक्के खाली बसावा, असा माउंटन सायकलचा सर्वसाधारण संकेत आहे. साठाचे तीस टक्के अठरा मिलिमीटर. १४५ ला १८ ने भागले की मिलिमीटरला ८ किलो येतात. स्प्रिंगवर आकडा कोरलेला असतो तो इंचाला किती पौंड असा. त्यासाठी ५६ ने गुणावे. आठ गुणिले छप्पन्न, ४४८. म्हणजे या गड्याला ४५० ची स्प्रिंग हवी.

आता हाच हिशेब ६५ किलोंच्या स्वारासाठी केला तर ३८३ येतात. त्याने ३७५ ची स्प्रिंग घ्यावी. ९५ किलोंच्या स्वारासाठी ५२३ येतात. त्याने ५२५ ची घ्यावी. एकाच कारखान्यातले, एकाच पाळीचे तीन मित्र, एकाच कंपनीच्या तीन सायकली, आणि तिघांना तीन स्प्रिंगा. दुकानात मात्र सायकलबरोबर बहुधा एकच मधल्या वजनाची स्प्रिंग मिळते. हलक्या माणसाला ती दगडासारखी लागते, आणि प्रत्येक धक्का त्याच्या कमरेत जातो. जड माणसाखाली ती बसून जाते, शॉकअप तळाला आपटतो, आणि तो आपट फ्रेमच्या जोडांवर बसतो. जो धक्का स्प्रिंग घेत नाही, तो माणूस घेतो किंवा सायकलची फ्रेम घेते. तो हवेत विरून जात नाही. कारखान्यातही जी हानी यंत्राच्या आवरणाने सोसावयाची ती कामगाराच्या बोटांनी सोसलेली मी पाहिली आहे. हिशेब कोठेतरी चुकता होतोच.

साठ टक्के हा माझा अंदाज कोणाला मान्य नसेल तर प्रत्यक्ष मोजून पाहावे. मोंढ्यात काट्यांची कमतरता नाही. मागले चाक काट्यावर, पुढले चाक तेवढ्याच उंचीच्या लाकडावर, आणि स्वार पेडलवर चालवतो तसा उभा. मित्राने हलकेच धरावे. येईल त्या आकड्यातून मागल्या चाकाचे चार-एक किलो वजा करावेत. ऐकीव अंदाजापेक्षा काटा बरा.

आकडा निघाला म्हणजे काम संपले असे नाही. आणखी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, सायकलची ठेवण. तरफेचे प्रमाण सर्व चालीत सारखे राहत नाही. एखाद्या फ्रेममध्ये ते सुरुवातीला २.८ आणि शेवटी २.२ असते, म्हणजे सुमारे २१ टक्के उतरते. अशी फ्रेम शेवटी शेवटी आपणहून कठीण होत जाते, आणि तिला वेटोळ्याची स्प्रिंग शोभते. ज्या फ्रेमचे प्रमाण जवळजवळ सपाट असते, तिथे ही जबाबदारी हवेवर टाकलेली असते. तिथली हवा काढून पोलाद घातले तर मोठ्या धक्क्याला अडवणारा कोणी उरत नाही. आणखी एक. काही फ्रेममध्ये शॉकअप लांब दुबेळक्याने जोडलेला असतो. त्यामुळे दट्ट्याच्या दांड्यावर आडवा जोर येतो आणि तो वाकू शकतो. म्हणून सायकलच्या कंपनीला लेखी विचारावे : या फ्रेमला वेटोळ्याचा शॉकअप चालतो काय? तोंडी उत्तर घेऊ नये. संघटनेत काम केलेल्या माणसाला लेखी उत्तराची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी, मापे. शॉकअपवर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ २३० आणि ६५, किंवा २१० आणि ५५. पहिला दोन्ही टोकांच्या छिद्रांमधले अंतर, दुसरा त्याची चाल, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हे दोन्ही जुन्या शॉकअपशी तंतोतंत जुळावयास हवेत. जास्त चालीचा शॉकअप बसवला तर चाक फ्रेमवर घासू शकते. टोकांच्या बुशांची रुंदी जुळली पाहिजे. स्प्रिंगची स्वतःची चाल शॉकअपच्या चालीपेक्षा कमी असता कामा नये. नाहीतर वेढे एकमेकांवर बसून लोखंडाचा गोळा होतो. आणि वेटोळे हवेच्या नळीपेक्षा जाड असते. इलेक्ट्रिक सायकलमध्ये बॅटरीच्या पेटीला ते लागत नाही ना, हे पाहावे.

तिसरी, तेलाच्या नळीचे जुळवणे. कठीण स्प्रिंग जोराने उसळते, तिला अधिक आवर लागतो. मऊ स्प्रिंगला कमी. शॉकअपच्या टोकाला त्यासाठी एक चकती असते. फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या सायकल खाली उतरवावी. मागची बाजू एकदा वर येऊन स्थिरावली तर आवर बरोबर. पुनःपुन्हा डोलली तर आवर वाढवावा. दबली ती वर यावयास आळस करू लागली तर कमी करावा.

आता आपल्या गावठी युक्त्यांविषयी थोडे. आपला मिस्त्री हुशार असतो, आणि त्याच्या हुशारीवर माझा विश्वास आहे. परंतु निसर्गनियमापुढे हुशारी चालत नाही. "स्प्रिंग कडक आहे, एक वेढा कापून टाकतो" असे कोणी म्हणाला तर त्याचा हात धरावा. वेढे कमी केले की स्प्रिंग मऊ होत नाही, कडक होते. निम्मे वेढे काढले तर ती दुप्पट कडक होईल. तारेच्या जाडीचा परिणाम तर फारच मोठा : तार दहा टक्के जाड घेतली की स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के कडक होते. तेव्हा "दिसायला सारखीच आहे" हे प्रमाण नव्हे. स्प्रिंगवरची चकती आवळत नेऊन मऊ स्प्रिंगला कडक करता येते, हा दुसरा समज. चकतीने सायकल थोडी वर उचलली जाते, स्प्रिंगचा आकडा बदलत नाही. एक-दोन फेऱ्यांपेक्षा जास्त आवळावी लागली तर स्प्रिंग चुकीची आहे असे समजावे. तिसरी युक्ती, मोटरसायकलचा शॉकअप सायकलला बसवणे. येथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर वाळूजला एंड्युरन्स कंपनीच्या कारखान्यांत दुचाकींचे शॉकअप तयार होतात. आपल्याच भागातले हात ते घडवतात, याचा मला अभिमान आहे. परंतु शंभरसव्वाशे किलोंच्या गाडीसाठी घडवलेली वस्तू पंचवीस किलोंच्या सायकलला लावणे म्हणजे बैलाचे जू बकरीच्या मानेवर ठेवणे होय. आणि शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची : तेलाच्या नळीत पुष्कळदा मोठ्या दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. योग्य हत्यारांवाचून ती उघडू नये. तिथे डोळा जाऊ शकतो.

मग स्प्रिंगचा शॉकअप घ्यावा की नाही? माझे उत्तर असे. सायकल घरातले दोघे-तिघे वापरत असतील, वडील एक दिवस आणि मुलगा एक दिवस, तर हवेचाच ठेवावा. पंप सर्वांची सेवा करतो. रस्ता डांबरीच असेल तर खर्चाचे कारणच नाही. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक सायकलींना मागे शॉकअप नसतोच. त्यांना तो बसवण्याच्या भानगडीत पडू नये, टायरमधला दाब योग्य ठेवावा. ज्याची सायकल त्याच्या एकट्याची, वाट खडकाळ, फ्रेम वेटोळ्याला लायक आणि कंपनीची संमती लेखी, त्याने जरूर घ्यावा. आणि ज्याच्याकडे वेटोळ्याचा शॉकअप आधीच आहे पण तो त्रास देतो, त्याने सगळा शॉकअप बदलण्याआधी नुसती स्प्रिंग आपल्या वजनाची घेऊन पाहावी. तिला संपूर्ण शॉकअपच्या मानाने फार थोडा पैसा पडतो. टायटॅनियमची स्प्रिंग हलकी असते. पण जो स्वतःचे वजन काट्यावर पाहावयास तयार नाही, त्याने टायटॅनियमवर पैसे घालू नयेत.

एक गोष्ट कायद्याची. ज्या सायकलच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तिला आपल्याकडे मोटारवाहन मानत नाहीत. कोणी मोटार बदलून वेग वाढवून दिला, तर शॉकअपचा, ब्रेकचा आणि कायद्याचा, तिन्ही हिशेब एकदम बिघडतात.

बंधुभगिनींनो, हा सगळा आकड्यांचा खटाटोप मी एवढ्याचसाठी केला की ज्ञान दुकानदाराच्या गल्ल्यामागे राहू नये. ज्याला आपले वजन, आपल्या यंत्राची चाल आणि आपल्या वाटेचे खड्डे ठाऊक आहेत, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. वेतनाच्या वाटाघाटीत मी हेच पाहिले : आवाज मोठा असलेला माणूस थोडा वेळ चालतो, हिशेब पक्का असलेला माणूस शेवटपर्यंत चालतो. माझी तरुणांना एक विनंती आहे. आपल्यापैकी जे अशा सायकली वापरतात त्यांनी एक वही करावी. तीत प्रत्येकाने आपले वजन, सायकलचे मापांचे आकडे, बसवलेली स्प्रिंग आणि आलेला अनुभव लिहावा, आणि ती वही एखाद्या सायकलच्या दुकानात सर्वांसाठी ठेवावी. वर्षभरात आपल्या गावाजवळ आपल्या रस्त्यांसाठी असा आधार तयार होईल, जो कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत मिळणार नाही. आणि त्यासाठी वर्गणीसुद्धा लागणार नाही, एक पेन्सिल पुरेल.